टर्बोला वाळ्याची ताटी

माणसाला ताप आला तर थर्मामीटर माणसाला लावतात आणि गाडी तापली तर काटा गाडीत बघतात, हा सर्वसाधारण नियम झाला. माझ्या साडूंना तो लागू नव्हता. त्यांची गाडी तापली की कपाळ त्यांचं तापत असे, आणि गाडी निवली की घाम त्यांना फुटत असे. एका डिझेल इंजिनाशी इतका एकजीव झालेला दुसरा गृहस्थ पृथ्वीच्या पाठीवर झाला नसेल, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. आणि शाळेत तीस वर्षं फिजिक्स शिकवलेलं असल्यामुळे मी शपथा सहसा घेत नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. इंदुरात मराठी घरांतसुद्धा बहिणीच्या नवऱ्याला जिजाजी म्हणायची पद्धत पडून गेली आहे. माझी बायको त्यांना जिजाजी म्हणायची म्हणून मीही म्हणू लागलो, मग आमची मुलं म्हणू लागली, आणि शेवटी सांवेर रोडवरच्या ज्या औषधांच्या कारखान्यात ते स्टोअर सांभाळत तिथले हमालही म्हणू लागले. अंगानं किरकोळ, आवाजानं मऊ, मिशी मात्र घराण्याची. त्यांचे पणजोबा संस्थानच्या पागेवर कामाला होते. पुढे संस्थान गेलं, पागा गेली, घोडे गेले. घोड्यांना कसं वागवावं याचे नियम तेवढे घरात शिल्लक राहिले. बापानं मुलाला, मुलानं नातवाला ते तोंडपाठ करून दिले होते आणि लावायला मात्र कोणाकडे काही नव्हतं. छत्तीसगड वेगळं होऊन आमचं राज्य नुकतंच लहान झालं होतं त्या सुमाराला जिजाजींनी एक जुनी टर्बो डिझेल जीप घेतली, आणि त्या नियमांना धनी मिळाला.

टर्बो म्हणजे काय, ते मी वर्गात सांगायचो तसं दोन वाक्यांत सांगतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक छोटं चक्र फिरतं आणि ते इंजिनात जास्तीची हवा कोंबतं, त्यामुळे गाडीला जोर येतो. पण तो धूर जळता असतो, म्हणून ते चक्र लालबुंद होतं. गाडी विकणाऱ्या मिस्त्रीनं जिजाजींना बजावलं होतं की लांबून आलात की इंजिन लगेच बंद करू नका, दोन-तीन मिनिटं नुसतं चालू ठेवा, नाहीतर आतलं तेल जळून जाईल. हे ऐकून जिजाजींच्या डोळ्यांत पाणी आलं असं ताई, म्हणजे माझी मेव्हणी, सांगते. पळवून आणलेला घोडा लगेच खुंट्याला बांधायचा नाही, त्याला हळूहळू फिरवायचं, श्वास खाली बसू द्यायचा, हा पणजोबांचा पहिला नियम होता. शंभर वर्षांनी एका मिस्त्रीनं तो जसाच्या तसा म्हणून दाखवला होता.

ही दोन-तीन मिनिटं मोजायला जिजाजींनी घड्याळ नाकारलं. घड्याळाकडे बघणारा माणूस घाई करतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी आपल्या आईची तुळशीची माळ आरशाला टांगली आणि मुक्कामाला पोचलं की एकशे आठ मणी ओढून मगच किल्ली फिरवायची असं ठरवलं. रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांना वाटे, काय भाविक माणूस आहे. प्रत्यक्षात जिजाजी देवळात वर्षातून एकदा जात, तेही ताईनं ओढून नेलं तर. माळ पुरी होईपर्यंत गाडीतून उतरायलाही कोणाला परवानगी नसे, कारण दार उघडलं की गाडी हलते आणि मणी चुकतो. एका लग्नाला आमच्या सासूबाई नऊवारी शालू नेसून मागच्या सीटवर बसल्या होत्या. मे महिना, मुहूर्ताला पाच मिनिटं, मंगलाष्टकं कानावर येताहेत, आणि जिजाजी डोळे अर्धवट मिटून बावन्नाव्या मण्यावर. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, दार उघडलं. जिजाजींनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्या दिवसापासून आईंनी त्या जीपमध्ये पाऊल टाकायचं नाही असा पण केला आणि चार वर्षं तो पाळला. त्या धारला राहत; तिथून इंदूरला यायचं झालं तर बसनं येत.

गाडी चालवताना जिजाजींचा एक डोळा रस्त्यावर असे आणि दीड डोळा तापमानाच्या काट्यावर. काटा मधे असला तर ते घरच्या गोष्टी सांगत, मधून जरा वर सरकला तर मोजकं बोलत, आणि आणखी एक रेघ चढला तर गाडीतल्या सगळ्यांनाच गप्प बसवत, जणू आमच्या बोलण्यानंच पाणी उकळत होतं. जीप उन्हात उभी राहिलेली त्यांना बघवत नसे. माझ्या मुलाच्या मुंजीत ते पंगतीतून तीनदा उठले. सावली सरकली की हे उठायचे, आणि वाढपी बिचारा त्यांच्या पानावर तिसऱ्यांदा मसालेभात वाढायचा. कुठंही पोचले की बॉनेट उघडून ठेवायचं, म्हणजे वाफ मोकळी होते. त्यामुळे होई असं, की दर ठिकाणी चार इंदुरी माणसं गोळा होत आणि "क्या हुआ भिया, पट्टा गया क्या?" असं विचारून आपापले उपाय सांगत. जिजाजी प्रत्येकाचं नीट ऐकून घेत, धन्यवाद देत, आणि कोणाचंही करत नसत. उपाय फक्त एका माणसाचा करत, तो माणूस म्हणजे मी. मी फिजिक्स शिकवतो याचा त्यांना फार अभिमान होता. आमच्या घरात सायन्सवाला आहे, असं ते मिस्त्रीलासुद्धा सांगत.

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. माझा स्वभाव पहिल्यापासून टवाळ. शाळेत दिवसभर गंभीर चेहरा ठेवावा लागतो म्हणून की काय, घरच्या माणसांत बसलो की मला कोणाची तरी फिरकी घेतल्याशिवाय चैन पडत नसे, आणि जिजाजींइतकं सोपं गिऱ्हाईक दुसरं नव्हतं. विजय नगरात आमच्या नव्या फ्लॅटवर एकदा सगळे जेवायला जमले होते. मार्च संपत आलेला, गच्चीवर कूलर सुरू केला होता आणि त्याच्या ताट्यांतून वाळ्याचा, म्हणजे इंदुरी भाषेत खसचा, वास येत होता. जिजाजी नेहमीप्रमाणे काट्याची काळजी सांगत होते. मी अगदी वर्गातल्या आवाजात म्हणालो की जिजाजी, एवढं सोपं तुमच्या लक्षात कसं आलं नाही, पुढच्या जाळीआड रेडिएटर आहे, त्याच्यासमोर वाळ्याची एक ओली ताटी लावा. बाष्पीभवन होईल, हवा थंड होऊन आत जाईल, गाडीचाच कूलर होईल. सगळे हसले. जिजाजी हसले नाहीत. त्यांनी खिशातून डायरी काढली.

पुढच्या रविवारी ताटी लागलेली होती. लोखंडी पट्टीची चौकट, तिच्यात दाट विणलेला वाळा, चार स्क्रू, आणि वर एक प्लास्टिकची बाटली, जिच्यातून सलाईनसारखं थेंब थेंब पाणी झिरपत असे. इतकं सुबक काम त्यांनी कारखान्याच्या सुतारासमोर बसून करून घेतलं होतं. रेडिएटरला वारा लागतो, म्हणूनच तो निवतो. त्याच्या तोंडावर ताटी बांधणं म्हणजे धावत्या माणसाच्या तोंडावर ओला टॉवेल बांधण्यासारखं आहे, हे नववीतल्या मुलालाही सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. आधी वाटलं, आठवडाभर गंमत बघू आणि मग सांगू. पण गावात सकाळ-संध्याकाळ फिरताना काटा मधेच राहायचा, जिजाजी खूश असायचे, आणि जो भेटेल त्याला सांगायचे की आमच्या भियांचं सायन्स आहे हे. मला ते इंदुरी पद्धतीनं भिया, म्हणजे भाऊ, म्हणत. मी कोणाला तरी डोळा मारायचो. असे दोन महिने गेले.

मेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं, जिजाजी, ताई, माझी बायको आणि मी, आमरस खायला धारला आईंकडे गेलो. पहाटे निघालो, गार वाऱ्यात पोचलो, जिजाजींनी दारात माळ ओढली, आईंनी खिडकीतून बघून कपाळाला हात लावला. सगळं नेहमीसारखं होतं. साडेदहाच्या सुमाराला आंबे पिळता पिळता आई पोट धरून खाली बसल्या. त्यांना जुना हर्निया होता; त्याबद्दल त्या कोणाला बोलू देत नसत. गल्लीतले डॉक्टर आले, त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि आम्हा दोघा जावयांना अंगणात बोलावलं. आतडं अडकलंय, ते म्हणाले, इथं काही होणार नाही, तीन तासांच्या आत इंदूरला ऑपरेशनच्या टेबलावर पाहिजेत. उशीर झाला तर आतडं काळं पडेल, आणि या वयात मग काही सांगता येत नाही. इंदूरच्या सर्जनला त्यांनी तिथूनच फोन लावून दिला. गावातली ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली होती. डॉक्टरांनी दारातल्या जीपकडे बोट केलं.

आईंना मागच्या सीटवर निजवलं. डोकं ताईच्या मांडीवर, पाय माझ्या बायकोच्या. आपला पण मोडतोय हे आईंच्या लक्षात आलं असावं, कारण त्या वेदनेतही त्यांनी आरशाला लटकणाऱ्या माळेकडे एकदा रागानं पाहिलं. बारा वाजत आले होते. त्या वर्षीचे आमच्याकडचे रस्ते ज्यांनी पाहिलेत त्यांना धार-इंदूर म्हणजे काय ते सांगायला नको. डांबर मधेमधे आठवणीपुरतं उरलेलं होतं. जिजाजी खड्डा चुकवत आणि उरलेल्या तुकड्यावर गाडी ताणत होते. गाडीत पाच माणसं, बाहेर लूच्या झळा, आणि सकाळी पाण्यानं भरलेली ती बाटली केव्हाच रिकामी झालेली. माझी नजर काट्यावर होती. आयुष्यात प्रथमच मी जिजाजींइतक्या निष्ठेनं तो काटा बघत होतो. घाटाबिल्लोद मागं पडलं तेव्हा तो मधून उठला. पुढच्या पाच-सात किलोमीटरात दोन रेघा चढला. जिजाजींनी कोणाला गप्प बसवलं नाही, कारण बोलत कोणीच नव्हतं. मागून फक्त आईंचं कण्हणं येत होतं. बेटम्याच्या अलीकडे काटा लाल पट्टीत शिरला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली.

जिजाजींनी गाडी एका लिंबाखाली घेतली. इंजिन चालूच ठेवलं, कारण बंद केलं तर पंखा थांबतो आणि आतला ताप आतच राहतो. मी हात वर करून दोन ट्रकना थांबवायचा प्रयत्न केला. दोन्ही धूळ उडवून गेले. शेजारच्या विहिरीवरून एक शेतकरी बादली भरून धावत आला आणि बॉनेट उघडं बघून सरळ इंजिनावर ओतायला निघाला. ताई मागून ओरडली की ओता, ओता लवकर. जिजाजी दोन्ही हात पसरून इंजिनासमोर उभे राहिले. त्या किरकोळ माणसाला मी असं उभं कधी पाहिलं नव्हतं. "नहीं काका," ते म्हणाले, "गरम घोड्याला पाणी दाखवायचं नसतं. इंजिनाचं हेड फुटेल आणि मग इथंच बसू." ताई रडायला लागली. आई मरतेय आणि तुम्ही घोडे काय सांगताय, असं काहीतरी ती म्हणाली. आईंचे डोळे मिटलेले होते आणि ओठ पांढरे पडले होते. घड्याळात पाऊण वाजला होता. जिजाजींनी आरशावरची माळ काढली, आणि बॉनेटपाशी उभे राहून मणी ओढायला लागले. एक माळ झाली. काटा खाली येईना. दुसरी सुरू झाली.

मला तेव्हा जे वाटलं ते मी सांगू शकत नाही, पण जे दिसत होतं ते सांगतो. ताटी दिसत होती. दोन महिने इंदुरात भिजून भिजून आणि आता सकाळपासून नव्वदेक किलोमीटरांची धूळ खाऊन तिचं गादीसारखं घट्ट जाड काहीतरी झालं होतं. पंखा पलीकडून जीव तोडून ओढत होता आणि त्या गादीतून वाऱ्याची झुळूकही आत जात नव्हती. हा मनुष्य पणजोबांच्या नियमानं सगळं बरोबर करत होता. एकच गोष्ट त्यानं चुकीची केली होती, आणि ती माझ्या सांगण्यावरून. आणि अजूनही त्याच्या मनात माझ्या फिजिक्सबद्दल शंका आली नव्हती.

मागच्या सीटवर ताई हुंदके देत होती आणि माझी बायको तिची समजूत घालत होती. मी जिजाजींच्या जवळ गेलो. "जिजाजी, ती ताटी काढा."

"का हो? ओली करतो ना, पाणी आलंय."

"ओली करून उपयोग नाही. ती हवा अडवतेय. तिच्यामुळेच तापलंय सगळं."

"पण तुम्हीच तर बोलला होता, ते बाष्पीभवन..."

"मी मस्करी केली होती," मी म्हणालो. "पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं."

त्यांचा मण्यावरचा अंगठा थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते, एक थोबाडीत दिली असती, तर मला बरं वाटलं असतं. तसं काही झालं नाही. त्यांनी सीटखालून स्क्रूड्रायव्हर काढला, माळ माझ्या हातात दिली आणि जाळीसमोर उकिडवे बसले. तापलेल्या पट्टीचे चटके बसत होते तरी चारही स्क्रू त्यांनीच काढले. ताटी ओढून रस्त्याकडेला ठेवली, फेकली नाही. मग शर्टाच्या बाहीनं चेहरा पुसत हळू आवाजात म्हणाले, "माझी मस्करी करा भिया, रोज करा. ज्यात माणसं बसतात त्याची नको."

एवढंच. पुढे त्यांनी तो विषय आयुष्यात काढला नाही.

दहा मिनिटांत काटा लाल पट्टीतून उतरला. ती दहा मिनिटं मी माळ हातात धरून उभा होतो, आणि देवाचं नाव न घेणारा मी किती वेळा ते घेतलं याची मोजदाद नाही. गाडी निघाली, पण पुन्हा वर चढायला नको म्हणून जिजाजींनी सगळ्या काचा खाली केल्या आणि हीटर लावला. मेच्या भर दुपारी, बाहेर लू वाहत असताना, पूर्ण जोरात हीटर. इंजिनाचा ताप काढून घ्यायचा तो रस्ता असतो. इंजिनातला ताप गाडीत येतो, म्हणजे आमच्या अंगात. गुडघ्यांवर भट्टीचं दार उघडल्यासारखं झालं. इंदूरच्या वेशीपाशी मागून आईंचा क्षीण आवाज आला, जावईबापू, हे गरम कशासाठी? "आई, तुमच्यासाठी नाही," जिजाजी काट्यावरची नजर न काढता म्हणाले, "तिच्यासाठी. थोडंच राहिलं." त्यावर आई काय म्हणाल्या असत्या ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं, पण त्या पुन्हा डोळे मिटून पडल्या.

अडीचच्या आधी आम्ही हॉस्पिटलच्या दारात होतो. स्ट्रेचर यायच्या आतच जिजाजींनी आईंना उचललं आणि ते पायऱ्या चढून गेले. इंजिन चालूच होतं. पायरीवरून त्यांनी वळून माझ्याकडे आणि मग गाडीकडे पाहिलं. मी ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसलो आणि माळ ओढायला लागलो. आत सासूबाईंचं काय होतंय ते कळत नव्हतं, दोघी बहिणी आत गेलेल्या, आणि मी तिथं बसून मणी मोजत होतो. तीनदा चुकलो. तीनदा पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटचा मणी झाल्यावर किल्ली फिरवली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडलो.

ऑपरेशन झालं. सर्जन बाहेर येऊन म्हणाले की आतडं वाचलं, पण आणखी तासभर उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं. ते ऐकलं आणि ताईचा दुपारभर धरून ठेवलेला राग सुटला. सगळ्या कॉरिडॉरसमोर तिनं नवऱ्याला धारेवर धरलं. भिया गमतीत बोलले ते खरं धरून लावलेली ती ताटी, ती माळ, ते घोडे, ती भंगार गाडी, तुमच्या खुळापायी माझी आई गेली असती. मी पुढं झालो. तोंड उघडलं. जिजाजींनी माझं मनगट धरलं, चांगलं घट्ट धरलं, आणि ताईला म्हणाले, "बरोबर आहे तुझं. माझंच डोकं फिरलं होतं." मी तेव्हा त्यांचा हात झटकायला हवा होता. झटकला नाही. आमच्या घरात आजही ती गोष्ट जिजाजींच्या खुळाची म्हणून सांगतात, आणि सांगताना मी तिथं बसलेला असतो.

आई बऱ्या झाल्या. त्या जीपवरचा त्यांचा बहिष्कारही उठला. उलट पुढे कुठं जायचं असलं की त्या जिजाजींनाच निरोप पाठवत आणि माळ चालू असताना पदर डोक्यावर घेऊन शांत बसून राहत. आणखी एक बदल झाला. त्या वर्षापासून उन्हाळ्यात धारला गेलं की आई सगळ्यांना कैरीचं पन्हं देत आणि मला वाळ्याचं सरबत. हिरवंगार, मोठा ग्लास भरून, स्वतः आणून देत. मला वाटे, धाकट्या जावयाचं वेगळं कौतुक आहे. मी ते मिटक्या मारत पीत असे. समोर जिजाजी पन्ह्याचा ग्लास घेऊन बसलेले असत आणि माझा ग्लास संपला की दरवर्षी न चुकता, अत्यंत गंभीर चेहऱ्यानं विचारत, "थंडावा आला का, भिया?" मी म्हणे, आला. आई पदर तोंडाशी नेऊन आत निघून जात. जिजाजींना कोणाच्याही तापमानाची चौकशी केल्याशिवाय राहवत नाही, अशी मी समजूत करून घेतली होती.

गाडी विकली तेव्हा जिजाजींनी नव्या मालकाला पाऊण तास सूचना दिल्या आणि माळ काढून घेतली. आताच्या गाड्यांत सगळ्यांना टर्बो आहे, बंद करताना कोणी थांबत नाही आणि कोणाचं काही बिघडत नाही, असं माझा मुलगा सांगतो. जिजाजी गेल्या थंडीत गेले. दोन दिवस ताप होता, एवढंच निमित्त. ताई सांगत होती की कपाळावरची पट्टी बदलताना शेवटपर्यंत विचारत होते, काटा कुठं आहे.

या मेमध्ये मी एकटाच धारला गेलो. आईंनी नव्वदी गाठली आहे, पण स्वयंपाकघर सोडलेलं नाही. त्यांनी माझ्यापुढे ग्लास ठेवला, आणि तो पन्ह्याचा होता. मी विचारलं, "आज वाळ्याचं नाही?"

"ते आम्हा दोघांचं होतं," आई म्हणाल्या. "पहिल्या वर्षी त्यांनीच सुचवलं. म्हणाले, आई, भियांना वाळ्याचं देत जा. मी द्यायचं, त्यांनी विचारायचं, आणि तुमचं तोंड बघायचं. आता एकटीनं काय बघू?"

मी ग्लास खाली ठेवला. मग विचारलं की म्हणजे लिंबाखाली मी जे बोललो ते तुम्हाला माहीत होतं?

"माझं पोट दुखत होतं. कान नव्हते दुखत."

म्हणजे इतकी वर्षं ज्या दोघांना मी घरातली सगळ्यात भाबडी माणसं समजत होतो, ती दोघं दर उन्हाळ्यात माझी फिरकी घेत होती, आणि तीही अशी, की मला चटका बसू नये, गारच वाटावं. मला जिजाजींची इतकी आठवण आली की समोरचं दिसेना. ताईला सांगू का सगळं, मी विचारलं. आई म्हणाल्या की सांगायचं असतं तर त्यांनीच सांगितलं असतं. मग मी पन्ह्याचा ग्लास बाजूला सरकवला आणि म्हणालो, मला वाळ्याचंच द्या.

त्या उठल्या. कपाटात मागं गेल्या वर्षीची बाटली होती, तिच्यात तळाशी थोडं उरलेलं होतं. त्यांनी पाणी घातलं, ढवळलं, ग्लास पुढं केला आणि समोर बसल्या. मी सावकाश प्यालो. ग्लास संपला तरी कोणी काही विचारलं नाही. आई नुसत्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"आला," मी म्हणालो.